पहिल्या तारखेच्या आत

माझ्या भावाच्या, एमिलच्या, नावावर या जगात एकच जागा आहे आणि ती कबरस्तानात आहे. तो बावीस वर्षांचा असताना आईनं ती विकत घेतली. दगडावर नाव कोरून झालंय, जन्मसाल कोरून झालंय, पुढचा आकडा तेवढा बाकी. आई काही वेडी नव्हती. सरकारचा नियमच असा की अपंग माणसाला दरमहा भत्ता हवा असेल, तर पहिल्या तारखेला त्याच्या खात्यात दोन हजार डॉलरच्या वर एक डॉलर असता कामा नये. कपडे चालतात, भांडी चालतात, कबर चालते. रोकड चालत नाही. एकोणनव्वद सालापासून हाच आकडा आहे. तेव्हा दोन हजारांत जुनी गाडी यायची, आता तिची दुरुस्तीही होत नाही.

एमिल विशीचा असताना आमची एक आत्या वारली आणि प्रेमानं एमिलच्या नावे तीन हजार ठेवून गेली. आम्ही भाबडेपणानं ते बँकेत भरले. सहा महिन्यांनी पत्र आलं की तुम्हाला भत्ता चुकून दिला गेला, परत करा. आई चौदा महिने ते फेडत होती. त्यानंतर तिनं कानाला खडा लावला. उरलेल्या पैशांत कबर घेतली आणि मला म्हणाली, "डोरीन, दोन हजार म्हणजे दोन हजार. आणि याच्या पैशाभोवती कुणी घोटाळताना दिसलं तर आधी हाकल, मग नाव विचार."

तेव्हापासून आमच्या घरी महिन्याचा शेवटचा शनिवार हा खर्चाचा दिवस. लोक पैसे वाचवायला धडपडतात, आम्ही संपवायला. खात्यात अठराशेच्या वर आकडा दिसला की मी एमिलची विजेवरची खुर्ची गाडीत चढवायची आणि हायवेवरच्या मोठ्या दुकानात जायचं. अशा शनिवारांनी आमचं घर भरलंय. तीन टोस्टर, त्यातले दोन खोक्यात. मसाज करणारी आरामखुर्ची, जिच्यावर मांजर झोपतं. बुटांचे सहा जोड. एमिलला जन्मापासून मेंदूचा पक्षाघात आहे, तो चालत नाही, त्यामुळे सहाही जोडांचे तळवे कोरे आहेत.

त्याची बुद्धी मात्र माझ्यापेक्षा तल्लख. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसात जुनी खरेदीखतं स्कॅन करायचं काम तो रोज चार तास करतो. फक्त जीभ साथ देत नाही. एक वाक्य बोलायला त्याला मिनिट-दीड मिनिट लागतं, आणि मी शाळेच्या खानावळीत काम करणारी बाई, माझ्यापुढं सदा तीनशे पोरांची रांग. त्याचं वाक्य मीच पुरं करते. बहुतेक वेळा बरोबर करते.

माझा स्वभाव संशयी आहे असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं. दहा वर्षांपूर्वी एमिलला आंघोळ घालायला एक गोड बोलणारी बाई यायची. तिनं त्याच्या कार्डावर स्वतःच्या गाडीला चार टायर घेतले. पकडलं कुणी? मी. टायर चकचकीत दिसले म्हणून.

तर या उन्हाळ्यात माझ्या मनात पाल चुकचुकली. जुलैचा शेवटचा शनिवार आला आणि खात्यात अकराशे. ऑगस्टमध्ये हजार. खर्च आम्ही काहीच केला नव्हता. मी पगाराचे कागद काढून बघितले, तर दर महिन्याला एमिलच्या पगारातले तीनशे डॉलर बँकेत येण्याआधीच दुसरीकडे वळत होते. आणि हे आज-कालचं नव्हतं, चार वर्षं चाललं होतं. आधी आकडा लहान होता म्हणून माझ्या नजरेतून सुटला. मला आईच्या फोटोकडं बघवेना.

संशय कुणावर घ्यायचा हे ठरवायला मला अर्धं मिनिट लागलं. मार्वा टिब्स. अपंगांची व्हॅन चालवते ती, एमिलला ऑफिसला नेते-आणते. आधीचे ड्रायव्हर दारात सोडून भोंगा वाजवून जायचे. ही स्वयंपाकघरापर्यंत येते. मक्याचा पाव आणते. मी स्वतः खिडकीतून पाहिलंय, व्हॅन थांबलेली असते आणि दोघं एमिलच्या फोनवर डोकी जोडून बसलेले असतात. मी दार उघडलं की फोन उलटा. तिला त्याच्या फोनचा चार आकड्यांचा कोडसुद्धा माहीत. तो कोड आईच्या वाढदिवसाचा होता.

त्यात सप्टेंबरात तिच्या मुलासाठी, डेशॉनसाठी, तीनचाकी सायकल आली. पोरगा सतरा वर्षांचा, बोलत नाही, तोल सांभाळता येत नाही, त्याच्या मापानं खास बनवून घेतलेली. लाल, आणि टायर नवेकोरे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या बुधवारी मी कामावरून लवकर आले आणि फुटपाथवर तिची वाट बघत उभी राहिले. व्हॅनचा मागचा, खुर्ची उतरवणारा पाट खाली येत होता, त्यावर एमिल.

"मार्वा, जरा थांबा."

"थांबलेच आहे की. तुमच्या भावाचे पट्टे सोडल्याशिवाय जाणार कुठं?"

"डेशॉनची सायकल छान आहे हो. केवढ्याला पडली?"

"एकवीसशे."

"अरे वा. आमच्याकडं कुठून यायचे एवढे पैसे."

तिनं हातातला पट्टा तसाच ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "मिस डोरीन, मनात असेल ते सरळ बोला. मला अजून दोघांना घरी सोडायचंय."

"एमिलच्या पगारातले तीनशे डॉलर कुठं जातात?"

"त्याला विचारा."

"मी तुम्हाला विचारतेय."

"आणि मी सांगतेय, त्याला विचारा. तो इथंच बसलाय, दोन फुटांवर. त्याला ऐकू येतं."

"त्याला काय विचारायचं? तो साधा आहे. त्याला कुणीही गुंडाळेल."

मार्वा हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. "तुमचा भाऊ साधा? गेल्या आठवड्यात त्यानं मला पत्त्यात बावीस डॉलरला धुतलं." मग ती वाकून त्याच्याशी बोलली, "एमिल, सांग बाबा आता. मी तुला म्हटलंच होतं, लपवू नकोस, ही तिसरंच काहीतरी डोक्यात घेईल." आणि माझ्याकडं न बघता व्हॅन घेऊन गेली.

स्वयंपाकघरात एमिलनं फोन टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं सरकवला. पडद्यावर आकडा होता, अकरा हजार चारशे ऐंशी. बाहेर मी तीनशे-तीनशेची चोरी शोधत होते, आणि इथं माझ्या भावाच्या नावावर त्याला भत्त्यातून बाहेर फेकायला पुरेल असा ढीग पडला होता.

त्यानं समजावायला सुरुवात केली. अपंगांसाठी कायद्यानंच वेगळं बचत खातं काढलंय. डेशॉनचंही आहे, सायकल त्यातूनच आली. त्यात ठेवलेले पैसे दोन हजारांच्या हिशेबात धरत नाहीत, आणि अपंगत्वापायीच्या गरजांना वापरले तर वाढीवर करही नाही. हे एवढं सांगायला त्याला वीस मिनिटं लागली, कारण मध्येमध्ये मी होते.

"अरे, दोन हजारांवर डॉलर गेला तर जे सरकार नरडं धरतं, तेच म्हणतं का की साठव लाखापर्यंत, आम्ही बघणार नाही? आणि हे तुला सांगितलं कुणी, तर व्हॅनवालीनं?"

"कायदा... वाच."

"कायदा मी आईबरोबर चौदा महिने वाचलाय. कशाला हवेत तुला एवढे पैसे?"

माझ्याकडं न बघता त्यानं कॅलेंडरकडं बघितलं. "सोमवारी... दहा..."

"सोमवारी मी सुट्टी टाकते," मी म्हटलं. "आपण दोघं भत्ता देतात त्या सामाजिक सुरक्षेच्या ऑफिसात जाऊ, खिडकीवर विचारू. तोवर ते सगळे पैसे बँकेत आण. मला डोळ्यांनी दिसतील अशा जागी."

"नाही."

"एमिल, कुणीतरी एका रात्रीत ते खातं साफ करेल आणि तू कुणाकडं जाशील? तुझं बोलणं कोण समजून घेईल? मीच ना?"

हे मी बोलायला नको होतं. बोलले. वर आईला काढलं, तिच्या शेवटच्या आजारात एमिलला सांभाळण्याचा तिला दिलेला शब्द काढला, आणि डोळ्यांतून पाणीही काढलं. ते पाणी खोटं नव्हतं. मला खरंच भीती वाटत होती.

एमिलचं बोट लहान बटणावर नीट बसत नाही. तीन वेळा चुकलं. चौथ्यांदा पैसे वळवल्याचा संदेश आला. मी त्याचा हात धरला नव्हता, हे खरं. पण टेबलावरून उठलेही नव्हते. मग पैसे पुन्हा उलटे जाऊ नयेत म्हणून मी फोन माझ्या पर्समध्ये टाकला. म्हटलं, सोमवारपर्यंत असू दे.

शुक्रवारी पैसे बँकेत आले. मी ते तीनदा बघितले आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपले.

शनिवारी एकतीस तारीख होती, मुखवटे घालून मुलं दारोदार गोळ्या मागत फिरण्याचा दिवस. आम्ही दुकानात गेलो नाही. बारा हजार काही टोस्टरवर संपत नाहीत. एमिल दाराशी गोळ्यांचं भांडं मांडीवर घेऊन बसला होता. मुलांची एक टोळी गेली तशी त्यानं खुर्ची वळवली आणि बोट कॅलेंडरवर ठेवलं.

"उद्या... पहिली."

"माहीत आहे मला. पहिली तारीख मला शिकवतोस?"

"तिथं... मोजत..."

"तिथं असले काय नि इथं असले काय, चार वर्षं तू नियम मोडून बसलायस. बुडायचं ते आधीच बुडालंय. सोमवारी जाऊन कबूल करू, म्हणजे दंड तरी कमी लागेल."

त्यानं भांड्यातली एक गोळी उचलली, तिचा कागद काढायचा प्रयत्न केला, आणि सोडून दिला. मी काढून दिला. त्यानं खाल्ली नाही.

वीस वर्षांत मी कुठलीही पहिली तारीख चुकवली नव्हती. मुलांचा ताप, माझा घटस्फोट, आईचं जाणं, काहीही असो, एकतीस तारखेला मी आकडा बघितला आणि खाली आणला. या एका खेपेला मी स्वतः तो वर नेला आणि रात्रभर तसाच ठेवला. चोर पकडण्याच्या नादात.

सोमवारी सकाळी नवाला आम्ही निघालो. एमिल गाडीत चढायला तयार नव्हता. "मार्वा," एवढंच म्हणत होता. मी म्हटलं, आज तुझी मार्वा नाही, आज मी. ऑफिसात त्रेचाळिसावा नंबर मिळाला आणि चालू होता एकोणीस. एमिलचं लक्ष सारखं भिंतीवरच्या घड्याळाकडं. मला वाटलं, कामावर गैरहजेरी लागेल म्हणून असेल. मी त्याला सांगितलंसुद्धा, मी फोन केलाय रे तुझ्या ऑफिसला, काळजी करू नकोस.

अकरा वाजून गेल्यावर आमचा नंबर लागला. काचेमागं एक सर्दी झालेला तरुण होता. मी सगळं सांगितलं, शिकल्यासारखं, आणि कागद आत सरकवले. त्यानं ते दोनदा वाचले.

"खातं खरं आहे," तो म्हणाला. "बरीच लोकं काढतात आता. त्यातले पैसे आम्ही मोजतच नाही."

"मग काही गुन्हा नाही ना?"

"खात्यात गुन्हा नाही. पण हे पैसे खात्यात नाहीत ना. शुक्रवारी बँकेत आले, आणि पहिल्या तारखेला बँकेतच होते." त्यानं नाक पुसलं. "मग ते मोजावे लागतात. नोव्हेंबरचा भत्ता परत करावा लागेल. ऐन महिनाअखेर बाहेर काढायला कुणी सांगितलं?"

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मी, जी कुणाचंही वाक्य पुरं करते.

"मी... काढले," एमिल म्हणाला.

"तुमचे तुम्ही?"

"हो."

त्या मुलानं तसं लिहून घेतलं. मी ते लिहू दिलं. आजवरच्या माझ्या वागण्यात मला सगळ्यात जास्त लाज त्या क्षणाची वाटते.

बाहेर पार्किंगमध्ये मी गाडीचं दार उघडलं, तर एमिल खुर्ची पुढं नेईना. म्हणाला, "डोरी. आता... ऐक." मी तिथंच उभी राहिले. वारा तळ्यावरून येत होता आणि माझा कोट गाडीत होता. त्यानं एकेक शब्द आणला, आणि मी पहिल्यांदा एकाही शब्दाला हात लावला नाही.

"दहा वाजता... सही होती. घराची."

बंदराजवळच्या त्या नव्या बैठ्या इमारतीत एक खोली आणि स्वयंपाकघर. दारं खुर्चीच्या मापाची रुंद, सिंक खाली, ओटा खाली. यादीत तो चार वर्षं होता. अनामत रक्कम, पहिलं भाडं, पलंग आणि टबात उतरवणारी खुर्ची, याचे मिळून साडेदहा हजार. मार्वानं त्याला बजावलं होतं की पैसे पहिल्या तारखेनंतरच काढ आणि त्याच महिन्यात दे, म्हणजे मोजले जाणार नाहीत. सगळं तारखेबरहुकूम बसवलं होतं दोघांनी. साडेनवाला ती त्याला न्यायला येणार होती.

मी पर्समधून फोन काढला. मार्वाचे सात कॉल येऊन गेले होते.

आम्ही तिथं पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. मार्वाची व्हॅन दारातच होती. ती आत टेबलापाशी उभी राहून कुणाशी तरी बोलत होती, हात जोडायचे बाकी होते तिचे. टेबलामागची बाई वाईट नव्हती. दहाला सही, अर्धा तास थांबायचं, मग यादीतलं पुढचं नाव, असा त्यांचा नियम. पुढचं नाव अकराला सही करून गेलं होतं, आंधळ्या नवऱ्याला घेऊन आलेली एक म्हातारी. टेबलामागच्या बाईनं एमिलचं नाव पुन्हा यादीत घातलं. शेवटी.

खिडकीतून ते रिकामं घर दिसत होतं. एमिलनं खुर्ची काचेपाशी नेली आणि आत बघत राहिला. कपडे चालतात, भांडी चालतात, कबर चालते. मला आईनं घेतलेल्या त्या दगडावरची एमिलच्या जन्मसालापुढची कोरी जागा आठवली.

"मार्वा," मी बाहेर आल्यावर म्हटलं, "मी तुम्हाला चोर समजले."

"ते कळलं मला बुधवारीच."

"माफ करा."

"मला सवय आहे, मिस डोरीन. दर घरात एक तरी भेटतंच." तिनं एमिलच्या चाकांचे पट्टे ओढून घट्ट केले. त्या दिवशी तो माझ्या गाडीनं घरी आला नाही. "माफी माझी मागून काय उपयोग? माझं तर काही गेलं नाही."

वाटेत, एकटी गाडी चालवताना, मला खरी गोष्ट कळली. त्यानं मला सांगितलं का नव्हतं? भत्त्याच्या भीतीनं नाही. कायदा त्याला माझ्याहून जास्त येत होता. मी त्याला जाऊ देणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मला मार्वापेक्षा, माझ्यापेक्षासुद्धा चांगलं ओळखलं होतं. त्याच्याभोवती घोटाळणाऱ्या प्रत्येकाला मी हाकललं, आणि ज्याला हाकलायला हवं होतं त्याला रोज सकाळी आरशात बघत होते.

त्याच आठवड्यात एमिलनं पैसे परत त्या खात्यात घातले. स्वतः, ऑफिसात बसून. घरी आला तेव्हा मी सहज त्याचा फोन उचलला, आजचं हवामान बघायला, आणि आईच्या वाढदिवसाचे चार आकडे दाबले. उघडला नाही. पुन्हा दाबले. एमिल टेबलापलीकडून बघत होता. मी फोन त्याच्यापुढं ठेवून दिला.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार आला. भत्ता परत गेलेला, पैसे त्याच्या खात्यात, खर्चायला काही नव्हतं. मी सवयीनं कोट चढवून दारात उभी होते. मग कोट काढला, मसाजच्या खुर्चीवरून मांजर उठवलं आणि एमिलपुढं बसले. म्हटलं, ही खुर्ची विकून टाकू, ते दोन टोस्टरही. येतील ते पैसे मला तुझ्या त्या खात्यात भेट म्हणून घालता येतात म्हणे, मी चौकशी केली. कसे घालायचे तेवढं सांग.

त्यानं मान हलवली. सांगेन, अशी. मग त्याला आणखी काही बोलायचं होतं. मी हात मांडीवर ठेवले. मांजर आलं, गेलं. शेजारच्या घरी कुणीतरी पानं गोळा करत होतं, त्याचा खरखराट येत होता. दोनदा शब्द माझ्या ओठांवर आला आणि दोनदा मी तो गिळला.

"यादीत... आता... चौसष्टावा आहे," एमिल म्हणाला. "नंबर लागला की... तुला सांगणार नाही." तो दम घ्यायला थांबला. मी थांबले. "किल्ली... हातात आली की... सांगेन."

मी म्हटलं, "बरं." आणि टोस्टर आणायला उठले.